सासऱ्यांचं टेबल, सगळ्यांचे कागद

पत्राचा सारांश: मी सत्तेचाळीस वर्षांची, नाशिकला एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. आठवड्यातले दोन दिवस घरून काम असतं. घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. सासरे जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले होते, दोन वर्षांपूर्वी ते गेले. घरचे सगळे कागद तेच बघायचे. आता त्यांचं टेबल माझ्याकडे आलंय आणि त्यावरचे कागदही. लाइट बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, सोसायटीच्या नोटिसा, मुलाच्या क्लासच्या पावत्या, त्यांची जुनी पासबुकं, सगळं एकावर एक. लॅपटॉपला जागा व्हावी म्हणून सकाळी एक ढीग पलंगावर हलवते आणि रात्री तोच परत टेबलावर येतो. मध्यंतरी सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड वेळेवर सापडलं नाही, मेडिक्लेमचे कागद मुदत उलटून गेल्यावर गेले आणि त्यावरून घरात चांगलंच वाजलं. नवरा म्हणतो, काही फेकू नकोस, कधी काय लागेल सांगता येत नाही. ऑफिसात माझ्या फायली चोख असतात, मग घरीच मी अशी गबाळी का? दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस काढून सगळं आवरू, पैसे देऊन कोणाकडून आवरून घेऊ, की सरळ सगळं स्कॅन करून रद्दीत देऊ?

ताई,

आधी त्या 'गबाळी'चं बघू. ऑफिसात तुमच्या फायली चोख राहतात, कारण कुठलं व्हाउचर कोणाच्या सहीला जायचं आणि किती दिवसांत परत यायचं, हे तिथे ठरलेलं आहे. सही अडली तर कोणाच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं तेही ठाऊक असतं. घरी यातलं काहीच ठरलेलं नाही. सासरे होते तोवर हे खातं त्यांचं होतं. ते गेल्यावर हे खातं कोणी बघायचं, यावर तुमच्या घरात बोलणं झाल्याचं पत्रात तरी कुठे दिसत नाही. टेबल तुमच्या वाट्याला आलं आणि त्याच्या पाठोपाठ खातंही न सांगता तुमच्याकडे आलं. डिस्चार्ज कार्ड हरवल्यावर बोलणी तुम्ही खाल्लीत. पण हॉस्पिटलातून ते कार्ड घरी आणलं कोणी, ठेवलं कुठे, आणि क्लेम भरायचं काम कोणाकडे होतं? पत्रात तुम्ही तेही लिहिलेलं नाही. बहुधा तुम्हालाही तो प्रश्न पडला नसावा.

आता टेबलावरचे वरचे दहा कागद उचला आणि प्रत्येकाला विचारा, तू इथे का आहेस? सोसायटीची नोटीस आहे, कारण शेअर सर्टिफिकेट अजून सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ते बदलायचंय. बँकेचं पत्र आहे, कारण केवायसी राहिलंय. क्लासची पावती आहे, कारण दुसऱ्या हप्त्याची तारीख तिच्यावरच लिहिलीय. औषधाची चिठ्ठी आहे, कारण पुढच्या महिन्यात तीच दाखवून परत औषधं आणायचीत. हे दहाच्या दहा कागद म्हणजे कोणाची तरी राहून गेलेली कामं आहेत. कागद आत ठेवला तर काम विसरेल, या धास्तीनं आपण तो डोळ्यांसमोर ठेवतो. चार-सहा असतील तोवर ही युक्ती चालते. साठ झाले की एकही डोळ्यांसमोर राहत नाही. म्हणूनच तुम्ही आजवर आणलेले ट्रे आणि फोल्डर (पत्रात लिहिलं नसलंत, तरी ते आणलेले असणार) चार दिवसांत भरून जातात. त्यांत कागद मावतात, कामं तशीच राहतात.

या नजरेनं तुमचे तीन पर्याय पाहू.

दिवाळीची आवराआवर हा तिन्हींतला सगळ्यात वाईट पर्याय. दिवाळीत घर आवरलेलं दिसायला हवं असतं, तेही फराळ सुरू व्हायच्या आत. कागद वाचायला तेव्हा कोणाला सवड? मग मोठ्या कॅरीबॅगेत सगळं भरलं जातं आणि पिशवी माळ्यावर जाते. तुमच्याही माळ्यावर अशा दोन-तीन पिशव्या असतील. आवरलेलं घर पंधरा दिवस टिकतं आणि पिशवीतलं बँकेचं पत्र पुढच्या दिवाळीपर्यंत.

पैसे देऊन माणूस लावायला माझी हरकत नाही. हल्ली मोठ्या शहरांत ही सेवा मिळते आणि कपड्यांच्या कपाटाला तिचा चांगला उपयोग होतो. कागदांचं मात्र वेगळं आहे. कुठली पावती मोडलेल्या एफडीची आणि कुठली चालू, हे बाहेरच्याला कळणार नाही. शिवाय पासबुकं, पॅन, विम्याचे बाँड असं सगळं परक्याच्या हाती द्यावं लागेल. ते नकोच.

स्कॅनिंग उपयोगाचं आहे, पण 'सगळं स्कॅन' म्हणजे टेबलावरचा ढीग उचलून फोनमध्ये टाकणं. मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये अडकलेला विम्याच्या हप्त्याचा फोटो कधी शोधून बघा, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. शिवाय काही कागदांना स्कॅनचा उपयोग मर्यादित. मूळ खरेदीखत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, विम्याचा मूळ बाँड, शेअर्सची कागदी प्रमाणपत्रं यांची प्रत फोनमध्ये जरूर असावी, पण मूळ कागद हरवला तर हमीपत्र, पोलिसांत नोंद, कधी वर्तमानपत्रात जाहिरात, असे हेलपाटे ठरलेले. उलट आधार, वाहन परवाना आणि गाडीचं आरसी डिजिलॉकरमध्ये घेतलंत तर ते मूळ कागदाच्या बरोबरीचं धरलं जातं. डिजिलॉकर हे सरकारी ॲप 2015 पासून आहे. गावाकडचा सातबारा तर आता डिजिटल सहीचा ऑनलाइन निघतो, उतारा जपून पिवळा करायची गरज उरलेली नाही. थोडक्यात, सरकारी दप्तरात जे आहे आणि पुन्हा काढता येतं, त्याच्या पाच-पाच झेरॉक्स घरात कशाला?

मग करायचं काय? मला विचाराल तर आधी टेबल सोडवा. लॅपटॉप ठेवायच्या जागी घरचा एकही कागद नको, मग तो कितीही महत्त्वाचा असो. वाण्याकडून दोन खोकी आणा. सासऱ्यांचं जे आहे ते एकात आणि बाकी सगळं दुसऱ्यात. निवडत बसू नका, वाचायला लागलात की संपलं. तासाभरात टेबल मोकळं होईल आणि सोमवारी तुम्ही तिथे कामाला बसाल. खोकी दुसऱ्या खोलीत ठेवा, शक्य असेल तर नवऱ्याच्या बाजूला. हे मी खोडसाळपणानं म्हणत नाहीये. ढीग फक्त तुमच्याच नजरेसमोर असेल, तर तो फक्त तुमचाच राहील.

मग दर रविवारी अर्धा तास, दोघांनी. मुलगा बारावीत आहे, त्याला यातून सोडा. पण परीक्षा झाली की त्यालाही बसवा. प्रवेशाच्या वेळी शाळा सोडल्याचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र मागतात, तेव्हा 'आई, कुठंय?' ही हाक तेवढीच कमी होईल. अर्ध्या तासात खोक्यातले तीस-चाळीस कागद होतात, त्याहून जास्त काढू नका. ज्या कागदावर काम आहे, त्याच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहा: पुढचं पाऊल, कोणाचं, कधीपर्यंत. 'सोसायटी ऑफिसातून फॉर्म आणणे, तो, 15 तारीख.' पुढचं पाऊल लहान लिहा. 'शेअर सर्टिफिकेट नावावर करणे' असं लिहिलंत तर कागद महिनोन्‌महिने हलणार नाही. 'फॉर्म आणणे' एका संध्याकाळी होतं. असे सगळे कागद एकाच बटणाच्या पारदर्शक फोल्डरमध्ये घालून ते दाराजवळ, किल्ल्या लावतो तिथे अडकवा. बाहेर पडणारा माणूस आपलं नाव असलेला कागद घेऊन जाईल. न्यायला विसरला, तर पुढच्या रविवारी तो कागद त्याच्याच नावानं वर येईल. तुम्हाला आठवण करून द्यावी लागणार नाही. मला वाटतं, तुमचा निम्मा थकवा त्या आठवणी करून देण्याचाच आहे.

ज्या कागदावर काम नाही पण तो ठेवायचाय, त्याच्यासाठी वर्षाची एक बॉक्स फाइल करा. पाठीवर मोठ्या अक्षरांत आर्थिक वर्ष, 1 एप्रिल ते 31 मार्च. आत विषयवार कप्पे करू नका. अकाउंट्सच्या माणसाला हे पटणार नाही, मला माहीत आहे. पण घरात कप्पे टिकत नाहीत. गॅसच्या नळीचं बिल 'गॅस'मध्ये की 'दुरुस्ती'मध्ये, एवढा विचार पडला की कागद परत टेबलावरच येतो. पूर्वी वाण्याच्या दुकानात, घरातही स्वयंपाकघराच्या दाराआड, लाकडी बूड असलेली वाकडी तार टांगलेली असायची. आलं बिल की टोचलं तारेत. नवं वर, जुनं खाली. मार्चमधलं बिल हवं तर मार्चपर्यंत खाली जायचं आणि ते सापडायचंच. तुमच्या बॉक्स फाइलमध्ये हीच पद्धत ठेवा: आलेला कागद वरती, बस्स.

या फायली आठ वर्षं ठेवा. आयकर खात्याला जुनं वर्ष उघडायचं तर त्याला कायद्यानं मुदत घातलेली आहे, पगारदारांच्या साध्या प्रकरणात ती आठ वर्षांच्या बरीच आत संपते. नववी फाइल कपाटात शिरली की पहिली निघाली. मात्र काढताना एकदा चाळा. घराच्या दुरुस्तीची मोठी बिलं, म्हणजे खोली वाढवली, लाद्या बदलल्या, ती वेगळी काढून घराच्या कागदांबरोबर ठेवा. पुढे घर विकायची वेळ आली तर भांडवली नफ्याचा हिशेब करताना सुधारणेचा खर्च दाखवायला लागतात.

लाइट बिलांची मात्र कीव करू नका. मागचं बिल भरल्याची नोंद पुढच्या बिलावर येते. पत्त्याचा पुरावा म्हणून दाखवायचं तर दोन-तीन महिन्यांच्या आतलंच बिल चालतं. मीटरचा वाद चालू नसेल, तर 2014 ची बिलं कोणाच्याही उपयोगाची नाहीत, तुमच्या नवऱ्याच्यासुद्धा.

दुकानातून मिळणाऱ्या गुळगुळीत पावत्यांबद्दल सांगायलाच हवं. एटीएमची स्लिप, फ्रिज-मिक्सरचं बिल, औषधाच्या दुकानाची पावती, यांतल्या बहुतेक उष्णतेवर छापलेल्या असतात, त्यांत शाई नसतेच. वर्ष-दोन वर्षांत अक्षरं उडतात, उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवलं तर आणखी लवकर. वॉरंटी दोन वर्षांची असते आणि दीड वर्षात बिल पांढरं फटक. त्यामुळे वस्तू घरी आली की त्याच दिवशी झेरॉक्स काढून वॉरंटी कार्डाला टाचा. मेडिक्लेमच्या बिलांचंही तसंच. पैसे परत मिळवायच्या क्लेममध्ये कंपनी मूळ बिलं ठेवून घेते, तेव्हा देण्याआधी पूर्ण संचाची झेरॉक्स हवीच. आणि सासूबाईंची आजारपणाची एक वेगळी फाइल करा, त्यात डिस्चार्ज कार्डं आणि महत्त्वाचे रिपोर्ट. एवढी एकच विषयवार फाइल मी मान्य करते, कारण ती रात्री दोन वाजता उचलून रिक्षात बसावं लागतं.

रद्दीचं एक पथ्य. आधार-पॅनच्या झेरॉक्स, बँकेची पत्रं, रद्द चेक अख्खे रद्दीत जाऊ देऊ नका. भेळेच्या पुडीवर कोणाचा तरी खाते क्रमांक वाचत भेळ खाल्लेले लोक आहेत आपल्याकडे. श्रेडर घ्यायची गरज नाही, बादलीत रात्रभर भिजत घाला आणि सकाळी लगदा पिळून टाका.

आता सासऱ्यांचं खोकं. तुमचा खरा अडथळा हेच आहे असं मला वाटतं, आणि तुमच्या नवऱ्याचाही. 'काही फेकू नकोस' हे वाक्य ते लाइट बिलांबद्दल म्हणतायत असं वाटतं, पण त्या बिलांच्या पाठीवर वडिलांच्या अक्षरात दुधाचा हिशेब आहे. ते कागद चाळायचे तर वडील गेले हे पानोपानी मान्य करत जावं लागतं. दोन वर्षांत त्यांनी ते खोकं उघडलं नाही, यात आळस असेलच असं नाही. पण या कारणासाठी ते काम सुनेच्या टेबलावर पडून राहावं, हेही बरोबर नाही. त्यांना सरळ सांगा, हे खोकं तुम्ही आणि आई मिळून बघा, मी लिहून घ्यायला बसेन. सासूबाईंना घ्याच. कुठली पावती कशाची, कुठल्या बँकेत कधी खातं उघडलं, हे त्यांना ठाऊक असण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्यांना आजवर कोणी विचारलेलं नसतं एवढंच.

या खोक्यात घाई नको, पण चालढकलही नको, कारण यात पैसे असू शकतात. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. त्या परत मिळतात, पण वारसांना मागाव्या लागतात. अशा ठेवी नाव आणि जन्मतारीख किंवा पॅन घालून शोधायला रिझर्व्ह बँकेनं 2023 मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलंय. एका रविवारी ते तिघं मिळून बघा. शेअर्सचे जुने कागद निघाले तर तेही टाकू नका. सात वर्षं लाभांश उचललेला नसेल तर ती रक्कम आणि शेअर्स सरकारी निधीत वळवले जातात, आणि तिथूनही वारसाला परत मागता येतात. पासबुकावर किंवा पावतीवर नॉमिनी कोण ते बघून ठेवा. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्याच्या हाती पैसे येतात ते वारसांच्या वतीनं. भावंडं असतील तर हे आधीच स्पष्ट बोललेलं बरं. गावाकडे जमीन असेल तर तलाठ्याकडे वारसनोंद झालीय का तेही पाहा. मृत्यूचा दाखला यातल्या प्रत्येक ठिकाणी लागतो, त्याच्या चार-पाच जादा प्रती एकदमच काढून आणा.

कायमचे कागद मोजकेच निघतील. खरेदीखत, इंडेक्स टू (म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, गृहकर्ज फिटल्याचं पत्र, जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले, शिक्षणाची मूळ प्रमाणपत्रं, विम्याचे बाँड. गृहकर्ज फिटलं असेल तर मूळ कागद बँकेकडून खरोखर परत आलेत का, हे याच वेळी तपासा. डिसेंबर 2023 पासून कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत ते परत करणं बँकांवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. जुन्या दस्तांचं लॅमिनेशन मात्र करू नका. तो एकदा चिकटला की परत मोकळा होत नाही, आणि शिक्का किंवा कागद तपासायची वेळ आली तर पंचाईत होते. कोरड्या जागी, भिंतीला न टेकवता, साध्या कागदी फायलीत ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा हवा द्या. भिंतीला टेकलेल्या कपाटात कसर आणि वाळवी कधी पोहोचते ते कळतही नाही.

ही फाइल कुठे आहे हे घरातल्या तिघा मोठ्यांना माहीत असलं पाहिजे. आत पहिल्या पानावर यादी लावा, खाते क्रमांक नको, फक्त कुठल्या बँकेत काय आहे आणि कुठला विमा कोणाच्या नावे. सासरे गेले तेव्हा ही यादी त्यांच्या डोक्यात होती, म्हणून तुम्ही आज पासबुकांचे गठ्ठे उपसताय. सगळं तुमच्या एकटीच्या डोक्यात राहिलं, तर उद्या मुलाची पाळी.

आणि सासऱ्यांच्या अक्षरातले ते दुधाचे हिशेब? एक डबा भरतील एवढे ठेवा. कुठले, ते नवऱ्याला निवडू द्या. तुम्ही निवडू नका.

नवरा रविवारी बसायला तयारच झाला नाही तर? होईल तसं, पहिले एक-दोन रविवार तरी. तेव्हा त्याचे कागद पेन्सिलीनं त्याचं नाव लिहून दाराच्या फोल्डरमध्ये ठेवत राहा आणि ते काम स्वतः करून टाकू नका. सोसायटीची नोटीस पंधरा दिवस तिथेच राहिली तर राहू द्या. एखादा दंड पडला तरी तो तुमच्या रोजच्या ढीग हलवण्यापेक्षा स्वस्त पडेल. अपवाद फक्त मेडिक्लेमचा आणि पेन्शनचा, तिथे उशिराची किंमत सासूबाई मोजतात.

पेन्शनवरून आठवलं. सासूबाईंना कुटुंब निवृत्तीवेतन मिळत असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागेल. बँकेत जाऊन देता येतो, नाहीतर आधारच्या आधारे घरूनही देता येतो, पण त्यासाठी पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, हाताशी हवा. तो कागद सासऱ्यांच्या खोक्यात असणार. पहिल्या रविवारी दुसरं काही नाही सापडलं तरी चालेल, तेवढा शोधून काढा.